दारूचा थेंब नाही, तरी यकृतात गाठ : तरुण पोरांना होणारा एक वेगळा कॅन्सर आणि त्याचं ऑपरेशन

सिल्वासा : आपल्या भागात कुणाला लिव्हरचा आजार आहे म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "किती घेतो?" गुजरातेत दारूबंदी आणि हद्द ओलांडून दादरा नगर हवेलीत आलं की दुकानं उघडी, त्यामुळे हा प्रश्न इथे जरा जास्तच पटकन तोंडावर येतो. शेजारी विचारतात, नातेवाईक विचारतात, कधी कधी तपासणारे डॉक्टरही केस पेपर लिहिता लिहिता विचारतात. प्रश्न चुकीचा नाही. दारू, हिपॅटायटिस बी आणि सी, वर्षानुवर्षं साठलेली यकृतातली चरबी, बुरशी आलेले शेंगदाणे आणि मका यांतलं विष, ही यकृताच्या कॅन्सरची नेहमीची कारणं आहेतच.

पण यकृताचा एक कॅन्सर असा आहे की ज्याला यातलं काहीच लागत नाही. तो होतो साधारण १० ते ३५ या वयात. ज्याने आयुष्यात ग्लासाला हात लावला नाही, ज्याला कधी कावीळ झाली नाही, ज्याचं उरलेलं यकृत एकदम ठणठणीत आहे, अशा पोरापोरींना. त्याचं नाव फायब्रोलॅमेलर कार्सिनोमा. नाव जड आहे, पण अर्थ सोपा आहे. मायक्रोस्कोपखाली बघितलं तर कॅन्सरच्या पेशींच्या मधून तंतूंचे पट्टे थरावर थर गेलेले दिसतात, म्हणून तंतूंच्या थरांचा कॅन्सर.

हा लेख त्या आजारावर आणि त्याच्या ऑपरेशनवर आहे. कारण या आजारात ऑपरेशन हाच खरा उपाय आहे, आणि तो वेळेवर मिळाला की नाही यावर बरंच काही ठरतं.

इतका दुर्मिळ, मग आपण का वाचायचं?

दुर्मिळ म्हणजे किती, ते आधी बघू. यकृतात सुरू होणाऱ्या सगळ्या कॅन्सरमध्ये याचा वाटा जेमतेम १ टक्का. अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे वर्षाला ५० लाख लोकांमागे साधारण एक रुग्ण. तोच दर इथे लावला तर २०११च्या जनगणनेत ३ लाख ४३ हजार लोकसंख्या असलेल्या दादरा नगर हवेलीत पंधरा वर्षांत एखादाच रुग्ण निघेल. म्हणजे गावातल्या डॉक्टरने अख्ख्या प्रॅक्टिसमध्ये असा एकही पेशंट बघितला नसण्याची शक्यता जास्त. यात त्यांचा दोष नाही. पण त्यामुळेच हा आजार उशिरा सापडतो. ज्याची कल्पनाच नाही ते शोधणार कोण?

समजा, तलासरीकडचा एक बावीस वर्षांचा मुलगा आहे. मसाटच्या एका कंपनीत शिफ्टमध्ये काम करतो. हा मुलगा मी लेखापुरता उभा केलाय, पण त्याची वाट खरी आहे. जेवल्यावर पोट जड वाटतं. चार घास खाल्ले की भरल्यासारखं होतं. उजव्या बरगडीखाली बोथट दुखतं, रात्रपाळीत जास्त. मेडिकलवाला ॲसिडिटीची गोळी देतो. महिनाभर बरं, मग पुन्हा तेच. वजन पाच-सहा किलोने उतरतं, तर घरचे म्हणतात, कंपनीत जेवण नीट नाही. कुणीतरी जंताचं औषध देतं. सोनोग्राफीला कुणी पाठवेपर्यंत सहा महिने गेलेले असतात, आणि तेव्हा गाठ दहा-बारा सेंटिमीटरची निघते. मोसंब्याहून मोठी. एवढी मोठी गाठ कळली कशी नाही, असं सगळे विचारतात. यकृत स्वतः दुखत नाही, दुखतं ते त्याच्यावरचं ताणलेलं आवरण, आणि बरगड्यांच्या आड जागाही भरपूर असते. शिवाय बाकीचं यकृत चांगलं असल्यामुळे ते काम चालवून नेतं. कावीळ नाही, पोटात पाणी नाही. रक्ताचे लिव्हरचे रिपोर्ट बरेचदा जवळपास नॉर्मल.

एक गोष्ट पोरं सांगत नाहीत ती इथे लिहून टाकतो. या आजारात काही मुलग्यांची छाती बायकांसारखी वाढते, कारण गाठीतल्या पेशी शरीरातल्या पुरुषी हार्मोनचं स्त्री-हार्मोनमध्ये रूपांतर करतात. असं क्वचितच होतं. पण झालं की मुलगा लाजेने ढगळ शर्ट घालायला लागतो आणि डॉक्टरकडे जातच नाही.

नॉर्मल रिपोर्टचा धोका

यकृताच्या नेहमीच्या कॅन्सरमध्ये एएफपी नावाची एक रक्ततपासणी करतात. ती वाढलेली असली की संशय बळावतो. फायब्रोलॅमेलरमध्ये मात्र ती बहुतेकांची नॉर्मलच येते. म्हणजे दारू नाही, हिपॅटायटिस नाही, एएफपी नॉर्मल, वय बावीस. या चारही गोष्टी एकत्र आल्या की माणसाला वाटतं, चला, कॅन्सर नसणार. खरं म्हणजे यकृतात मोठी घट्ट गाठ असताना या चार गोष्टी एकत्र आल्या तर याच कॅन्सरचा विचार आधी व्हायला हवा.

उलट बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख वाचून उगाच घाबरगुंडी उडायची. यकृतात दिसणारी प्रत्येक गाठ कॅन्सर नसते. रक्तवाहिन्यांच्या गुंत्याची गाठ, ज्याला हेमँजिओमा म्हणतात, ती तर सोनोग्राफीत सहज कितीतरी जणांत निघते आणि जन्मभर त्रास देत नाही. आणखी एक साधी गाठ असते, फोकल नोड्युलर हायपरप्लेजिया नावाची. तीही तरुणांत होते आणि तिच्याही मधोमध चांदणीसारखा व्रण दिसतो, अगदी फायब्रोलॅमेलरसारखा. फरक असा की फायब्रोलॅमेलरच्या व्रणात बरेचदा चुन्याचे कण साठलेले असतात आणि एमआरआयमध्ये तो व्रण काळा दिसतो, तर साध्या गाठीतला व्रण पांढरा उजळतो. हा फरक साध्या सोनोग्राफीत कळत नाही. त्याला कॉन्ट्रास्ट देऊन तीन टप्प्यांत काढलेला सीटी किंवा एमआरआय लागतो, आणि तो वाचणारा अनुभवी रेडिओलॉजिस्ट लागतो. म्हणून सोनोग्राफीच्या कागदावर 'लिव्हरमध्ये गाठ' एवढंच लिहून आलं असेल, तर तिथे थांबू नका आणि तिथेच रडायलाही बसू नका.

सुईने तुकडा काढायचा का, यावर घराघरात वाद होतो. "सुई लावली की कॅन्सर भडकतो" हे वाक्य मी खानवेलपासून दादरच्या फलाटापर्यंत ऐकलंय. सुईच्या वाटेवर पेशी सांडण्याचा धोका अगदीच शून्य नाही, पण तो लहान आहे. चित्र स्पष्ट असेल आणि गाठ काढण्याजोगी असेल तर काही सर्जन तुकडा न काढता सरळ ऑपरेशन करतात. शंका असेल, किंवा गाठ आजच काढता येणार नसेल, तर तुकडा घ्यावाच लागतो. हे ऑपरेशन करणाऱ्या टीमने ठरवायचं. सर्जनला दाखवण्याआधीच कुठेतरी घाईने सुई टोचून घेऊ नये, एवढं मात्र खरं.

काळीज कापायचं म्हणजे नेमकं काय

मराठीत काळीज म्हटलं की आपण छातीवर हात ठेवतो. पण मटणाच्या दुकानात कलेजी मागा, तो यकृतच तोलून देतो. दीड किलोच्या आसपास वजनाचा, शरीरातला सगळ्यात मोठा आतला अवयव. दर मिनिटाला जवळपास दीड लिटर रक्त त्यातून वाहतं. त्यातलं पाऊण आतड्याकडून पोर्टल शिरेतून येतं आणि उरलेलं धमनीतून. एवढं रक्त खेळणाऱ्या अवयवाला पूर्वीचे सर्जन हात लावायला कचरायचे, ते काही उगाच नाही. बर्लिनमध्ये कार्ल लांगेनबुख यांनी १८८८मध्ये ठरवून यकृताचा तुकडा काढला, पण नंतर रक्तस्राव सुरू झाला म्हणून पेशंटला पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं.

धीर आला तो यकृताचा आतला नकाशा कळल्यावर. फ्रान्सच्या क्लोद क्विनो यांनी १९५७मध्ये दाखवलं की बाहेरून एकसंध दिसणारं यकृत आतून आठ भागांत विभागलेलं आहे आणि प्रत्येक भागाला रक्ताची आणि पित्ताची स्वतःची फांदी आहे. आपल्या मधुबन धरणाच्या कालव्यासारखं समजा. मोठा कालवा, त्याचे फाटे, फाट्यांच्या चाऱ्या. एका चारीचं दार बंद केलं तर तेवढंच शेत कोरडं पडतं, शेजारच्या शेताचं पाणी चालू राहतं. सर्जनही तेच करतो. ज्या भागात गाठ आहे त्याची फांदी शोधतो, बांधतो, आणि मग तो भाग वेगळा करतो.

प्रश्न असतो, मागे किती उरेल? निरोगी यकृत असेल तर साधारण पाव भाग उरला तरी माणूस जगतो. दारूने किंवा हिपॅटायटिसने सुकलेलं यकृत असेल तर किमान ४० टक्के तरी ठेवावं लागतं, आणि तेही धाकधुकीत. इथेच फायब्रोलॅमेलरचा पेशंट नशीबवान ठरतो. बाकीचं यकृत धडधाकट असल्यामुळे, नेहमीच्या यकृताच्या कॅन्सरमध्ये जे ऑपरेशन झेपलं नसतं ते याला झेपतं. गाठ मोठी आहे म्हणून कुणी लगेच हात वर केले, तर दुसऱ्या मोठ्या केंद्राचं मत जरूर घ्यावं. या आजारात गाठीचा आकार पाहून घाबरायचं कारण नाही, ती कुठल्या रक्तवाहिन्यांना चिकटली आहे आणि पोटाबाहेर गेली आहे का, हे बघायचं.

उरणारा भाग कमी पडत असेल तर एक युक्ती करतात. जो भाग पुढे काढायचाच आहे, त्याच्याकडे जाणारी पोर्टल शिरेची फांदी त्वचेतून सुई घालून आतूनच बंद करतात. मग सगळं रक्त दुसऱ्या बाजूला जातं आणि चार ते सहा आठवड्यांत ती बाजू वाढते. पुन्हा सीटी काढून मोजतात आणि मग ऑपरेशन. या मधल्या आठवड्यांत घरच्यांचा जीव टांगणीला लागतो. "डॉक्टर वेळ काढतायत, तोवर गाठ वाढेल" म्हणून पेशंटला उचलून दुसरीकडे नेणारे लोक असतात. तो वेळ वाया जात नाही. ऑपरेशननंतर यकृत बंद पडू नये म्हणूनच तो घेतलेला असतो.

ऑपरेशनच्या दिवशी

उजव्या बरगडीखालून वळत जाणारा मोठा छेद घेतात. आधी पोट उघडून सगळीकडे बघतात. पोटाच्या आवरणावर कुठे दाणे आहेत का, दुसऱ्या बाजूच्या यकृतात काही आहे का. यकृतावर थेट सोनोग्राफीचा छोटा प्रोब फिरवून गाठ आणि शिरा यांतलं अंतर मोजतात.

मग कापणं. इथे ११८ वर्षं जुनी एक साधी गोष्ट आजही वापरतात. ग्लासगोचे सर्जन जेम्स होगार्थ प्रिंगल यांनी १९०८मध्ये सांगितलं की यकृताकडे जाणारं सगळं रक्त एकाच जाड दोरीसारख्या वाटेने जातं, ती दोरी चिमटीत धरली की रक्त थांबतं. आता तिथे पट्टी आवळतात. पंधरा मिनिटं बंद, पाच मिनिटं सोडायचं, पुन्हा बंद. त्या पंधरा मिनिटांत ध्वनिलहरींनी यकृताचा मऊ भाग फोडत, मध्ये सापडणारी प्रत्येक शीर आणि पित्तनळी बांधत पुढे जायचं. भूल देणारे डॉक्टर तिकडे सलाइन मुद्दाम कमी ठेवतात, म्हणजे शिरांतला दाब कमी राहतो आणि रक्त कमी जातं. चार तास, सहा तास, कधी आठही लागतात.

या कॅन्सरची एक खोड लक्षात ठेवावी लागते. यकृताचा नेहमीचा कॅन्सर लिम्फच्या गाठींमध्ये सहसा कमी जातो, हा मात्र बरेचदा जातो. त्यामुळे यकृताच्या दाराशी असलेल्या लिम्फच्या गाठीही सोबत काढाव्या लागतात. ज्यांनी हा आजार ओळखूनच ऑपरेशन ठरवलंय ते हे करतात. साधा कॅन्सर समजून केलं तर राहून जाऊ शकतं. म्हणून ऑपरेशनआधी सर्जनला थेट विचारायला लाजू नका, "साहेब, लिम्फच्या गाठी पण काढणार ना?"

रक्ताच्या बाटल्यांची तयारी ठेवा म्हणून सांगतात तेव्हा गावाकडून आलेली चार धट्टीकट्टी माणसं हळूच चहाला निघून जातात, हे दृश्य नवीन नाही. रक्त दिल्याने कमजोरी येत नाही हे किती वेळा लिहायचं?

पुढचे दोन-तीन दिवस आयसीयू. पोटात नळी असते. तिच्यातून हिरवट पित्त येतंय का, रक्त येतंय का, हे बघतात. पित्त गळणं, रक्तस्राव, इन्फेक्शन, आणि सगळ्यात भीतीचं म्हणजे उरलेलं यकृत काम न उचलणं, हे या ऑपरेशनचे धोके. थोडी कावीळ दिसली तरी लगेच घाबरायचं नाही, उरलेलं यकृत सावरेपर्यंत ती दिसू शकते. तीन चेंडूंचं ते फुंकायचं खेळणं देतात, ते खेळणं नाही, छातीत कफ साठू नये म्हणून आहे. दुसऱ्या दिवशीच उठून बसवतात, चालवतात. आई म्हणते, "अहो डॉक्टर, टाके तुटतील." नाही तुटत.

सगळं सुरळीत झालं तर आठवडा-दहा दिवसांत घरी. यकृत वाढतं ते या काळात. दोन-तीन महिन्यांत उरलेला भाग फुगून जवळपास जुन्या वजनाला येतो. कापलेला भाग पूर्वीच्या आकारात उगवत नाही, उरलेलाच मोठा होतो, एवढंच. माणसाच्या शरीरातला दुसरा कुठलाही मोठा अवयव हे करत नाही. तीन महिने जड उचलायचं नाही, म्हणजे आपल्या मसाटच्या मुलाने लोडिंगचं काम मागून घ्यायचं नाही, नाहीतर छेदाच्या जागी हर्निया येतो. दारू बंद, ती तो घेत नव्हताच. आणि यकृताला ताकद म्हणून कुणी दिलेला काढा, भस्म, पाला, काही काही नाही. नवं यकृत वाढत असताना अनोळखी औषध गाळायचं काम त्याच्यावर टाकणं म्हणजे ओल्या भिंतीला टेकून उभं राहणं.

गाठ दोन्ही बाजूंना असेल पण यकृताबाहेर गेली नसेल, तर काही निवडक पेशंटमध्ये यकृत प्रत्यारोपणाचा विचार होतो. अमेरिकेत थॉमस स्टार्झल यांनी, ज्यांनी १९६३मध्ये माणसातलं पहिलं यकृत प्रत्यारोपण केलं, या आजारातही ते करून पाहिलं होतं. पण तो शेवटचा पर्याय. गाठ कापून निघत असेल तर कापणंच चांगलं.

परत येतो, हेही सांगायला हवं

आता कडू भाग. गाठ पूर्ण निघाली तर निम्म्याहून जास्त पेशंट पाच वर्षांनंतर हयात असतात, यकृताच्या कॅन्सरच्या मानाने हे खूपच चांगलं. पण निम्म्याहून जास्त जणांत तो कधीतरी परतही येतो. यकृतात, लिम्फच्या गाठींत, फुप्फुसात. तीन वर्षांनी, पाच वर्षांनीही. त्यामुळे "ऑपरेशन झालं, सुटलो" असं समजून फाइल कपाटावर टाकणं महागात पडतं. पहिली दोन वर्षं दर तीन-चार महिन्यांनी स्कॅन, मग अंतर वाढवत जायचं. आणि परत आला तर पुन्हा ऑपरेशन करता येतं. हा या आजाराचा वेगळेपणा. दुसऱ्यांदा, कधी तिसऱ्यांदा गाठ काढूनही लोक वर्षानुवर्षं जगतात. नेहमीच्या केमोथेरपीचा मात्र याच्यावर खात्रीने भरवसा ठेवावा असा परिणाम दिसलेला नाही, म्हणून सर्जरीवर इतका जोर.

आणखी एक लक्षण, जे आपल्या भागात हमखास चुकीच्या दारात नेतं. या कॅन्सरच्या काही पेशंटचं रक्तातलं अमोनिया अचानक वाढतं, यकृत चांगलं असूनही. मग माणूस असंबद्ध बोलतो, ओळखत नाही, गुंगीत जातो, अंगावर धावून येतो. पाड्यावर याला काय म्हणतील ते सांगायला नको. बाहेरचं लागलं म्हणून भगताकडे नेतात. भगताला मानणाऱ्यांशी मला भांडायचं नाही. पण यकृताच्या गाठीचा पेशंट असा वागायला लागला तर आधी हॉस्पिटलच्या इमर्जन्सीला न्या आणि "अमोनिया तपासा" म्हणून सांगा. वेळेत औषध मिळालं तर माणूस शुद्धीवर येतो. बाकीचं नंतर करा.

एका मुलीने शोधलेलं कारण

हा आजार पहिल्यांदा लिहिला गेला १९५६मध्ये, अमेरिकेत, ह्यू एडमंडसन यांनी, १४ वर्षांच्या पेशंटवरून. तो वेगळा कॅन्सर आहे हे नीट मान्य व्हायला १९८० उजाडलं. आणि तो होतो कशाने, हे कळायला आणखी ३४ वर्षं.

त्यातली गोष्ट सांगण्यासारखी आहे. न्यूयॉर्कची एलाना सायमन. लहानपणी तिचं पोट सतत दुखायचं आणि डॉक्टरांना कारण सापडत नव्हतं. बाराव्या वर्षी गाठ सापडली, हाच कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, ती वाचली. पुढे शाळेत असतानाच तिने वडिलांच्या रॉकफेलर युनिव्हर्सिटीतल्या प्रयोगशाळेत आपल्याच आजारावर काम सुरू केलं. दुर्मिळ आजार, नमुने मिळायचे कुठून? इतर पेशंटना आवाहन करून ते जमवले. १५ जणांच्या गाठी तपासल्या आणि पंधराच्या पंधरा गाठींत एकच बिघाड सापडला. १९ क्रमांकाच्या गुणसूत्राचा एक तुकडा गळून पडतो आणि दोन वेगळी जनुकं एकमेकांना चिकटून एक नवंच जनुक तयार होतं. हे संशोधन फेब्रुवारी २०१४मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलं, तेव्हा एलाना १८ वर्षांची होती.

याचा आपल्याला उपयोग काय? दोन. एक म्हणजे पॅथॉलॉजिस्टला शंका असेल तर हे चिकटलेलं जनुक तपासून निदान पक्कं करता येतं. दुसरं, हा बिघाड गाठीतच तयार होतो, आईबापांकडून येत नाही. त्यामुळे "आमच्या घराण्यात काही दोष आहे का, धाकटीचं लग्न जमेल का" असल्या प्रश्नांना इथे जागाच नाही. या जनुकावर नेम धरणारी लस आणि औषधं यांच्या चाचण्या अमेरिकेत सुरू आहेत. त्या अजून चाचण्याच आहेत. व्हॉट्सॲपवर 'लस आली' म्हणून फिरेल तेव्हा हे आठवा.

सिल्वाशातून जायचं कुठे, कसं

सुरुवात इथेच होते. श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आणि त्याला जोडलेलं नमो मेडिकल कॉलेज, जे २०१९मध्ये सुरू झालं आणि ज्याच्या नव्या इमारतीचं उद्घाटन २५ एप्रिल २०२३ला झालं. सोनोग्राफी, रक्ततपासणी आणि रेफरचं पत्र इथून घ्या. पत्र असलं की पुढच्या दारातली बरीच धावपळ वाचते. पुढे यकृताची मोठी ऑपरेशन्स नेहमी होतात अशाच केंद्रात जायचं. परळचं टाटा मेमोरियल, १९४१पासूनचं, आपल्याकडच्या बहुतेकांना ठाऊक आहे. अहमदाबादचं गुजरात कॅन्सर अँड रिसर्च इन्स्टिट्यूटही आहे. कुठेही जा, एक प्रश्न विचारा : "तुमच्याकडे महिन्याला यकृताची अशी किती ऑपरेशन्स होतात?" चांगला सर्जन या प्रश्नाने रागावत नाही.

पैशाचं आपल्या भागात जरा त्रांगडं असतं. घर तलासरीत, नोकरी सिल्वाशात, दवाखाना वापीत. रेशनकार्ड एका राज्याचं, आधारवर पत्ता दुसरा. आयुष्मान भारतचं कार्ड असेल तर कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे आणि ते दुसऱ्या राज्यातल्या यादीतल्या हॉस्पिटलातही चालतं. महात्मा फुले जन आरोग्य योजना मात्र महाराष्ट्राच्या रहिवाशांची, तिचे कागद महाराष्ट्राचेच लागतात. म्हणून निघण्याआधी हॉस्पिटलच्या योजना कक्षात फोन करून तिथे तुमचं कार्ड चालतं का आणि हे ऑपरेशन त्या पॅकेजमध्ये बसतं का, हे दोन्ही विचारून घ्या. आधार, रेशन आणि आयुष्मान कार्डावर नावाचं स्पेलिंग एकच आहे का तेही आजच बघा. कुठे 'भाई' लागलेलं, कुठे नाही, एवढ्यावर माणसं काउंटरवर अडकतात.

वापी ते मुंबई साधारण १७० किलोमीटर. कॅन्सर पेशंटला उपचारासाठी प्रवास करताना रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत ७५ टक्के सवलत. त्याचा फॉर्म हॉस्पिटल भरून देतं, पण मागितल्याशिवाय कुणी हातात आणून देत नाही. मुक्कामासाठी दादरला गाडगे महाराज धर्मशाळा आहे. टाटाचे कितीतरी पेशंट तिथेच राहून उपचार घेतात. हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागात विचारा, ते चिठ्ठी देतात किंवा दुसरी सोय सुचवतात.

जाताना सीटी, एमआरआयची नुसती छापील फिल्म नेऊ नका, सीडीही घ्या. सर्जनला गाठ सगळ्या बाजूंनी फिरवून बघायची असते, ते फिल्मवर होत नाही. आधी कुठे तुकडा काढला असेल तर त्या लॅबकडून काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक दोन्ही सही करून घ्या. मोठ्या केंद्रात त्या पुन्हा तपासतात, आणि जनुकाची तपासणी करायची झाली तर तो ब्लॉकच लागतो. काम झाल्यावर ब्लॉक परत मागून घरी कोरड्या, थंड जागी ठेवा. तीन-चार वर्षांनी स्कॅनमध्ये पुन्हा काही दिसलं तर तोच पुन्हा काढून न्यावा लागेल.